गव्हर्नरची माफी: अर्जाआधी हद्दपारीची नोटीस बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात तुमच्यासोबत गोदामात काम करणारा कंबोडियन सहकारी लहानपणी निर्वासित म्हणून आला, विशीत तुरुंगात गेला, सुटून पंधरा वर्षं झाली आणि आता हद्दपारीची नोटीस हातात आहे. व्हाइट हाउसकडे दयेचा अर्ज करावा का, आणि तुमच्या पत्राचा काही उपयोग होईल का?

व्हाइट हाउसचा नाद सोडा. शिक्षा राज्याच्या कोर्टाने दिली असेल तर माफी गव्हर्नरच देऊ शकतो, राष्ट्राध्यक्षांच्या हातात फक्त फेडरल गुन्हे.

आधी त्याच्या नोटिशीत हद्दपारीचं नेमकं कलम कोणतं लावलंय ते बघा. 1996 च्या कायद्यांनी ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ची (अतिगंभीर गुन्ह्याची) व्याख्या एवढी ताणली की बहुतेक प्रकरणांत, माणूस नंतर कितीही सुधारला तरी, इमिग्रेशन जज्जला ते विचारात घ्यायची मुभाच उरली नाही. या कलमावर गव्हर्नरची पूर्ण, बिनशर्त माफी चालते. अमली पदार्थ, बंदूक किंवा घरगुती हिंसेचं कलम असेल तर मात्र चालत नाही. लोक इथेच फसतात, दोन वर्षं कागद गोळा करतात आणि मग कळतं की चावी दुसऱ्याच कुलपाची होती. नुसती शिक्षा कमी करून घेतली तर तिचाही हद्दपारीवर परिणाम होत नाही. ‘रेकॉर्ड एक्स्पंज केलंय’, म्हणजे कोर्टाने गुन्ह्याची नोंद पुसलीय, हेही इमिग्रेशनवाले मानत नाहीत.

दोन किंवा जास्त फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षा, असतील तर कॅलिफोर्नियात गव्हर्नर एकटा माफी देऊ शकत नाही, राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या सातपैकी चार न्यायमूर्तींची शिफारस लागते. अर्जाला फी नाही. ज्या काउंटीत शिक्षा झाली तिथल्या सरकारी वकिलाला, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीला कळवावं लागतं. अशी माफी मिळते का? मिळते. मे 2019 मध्ये कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर न्यूसम यांनी हद्दपारीच्या दारात उभ्या असलेल्या दोन कंबोडियन निर्वासितांना दिली होती. पण नुसता अर्ज केल्याने हद्दपारी थांबत नाही, आणि माफी मिळाल्यावरही इमिग्रेशनची केस पुन्हा उघडून घ्यावी लागते. म्हणून वकील आजच गाठा. त्याने गुन्हा कबूल केला तेव्हा ग्रीन कार्ड जाऊ शकतं हे त्याला नीट समजलं नव्हतं का, हेही वकिलाला विचारून घ्यायला सांगा. तसं असेल तर ती जुनी शिक्षाच रद्द करून घ्यायची वेगळी वाट कॅलिफोर्नियात आहे, आणि कधीकधी ती माफीपेक्षा लवकर पोचते.

आता पत्र. काही वर्षांपूर्वी स्टॉकटनमधल्या एका कंबोडियन डोनटवाल्यासाठी आम्ही कागद जमवत होतो. गुलाबी खोक्यांच्या थप्पीवर अकरा पत्रं ठेवलेली, आणि अकराही सारखीच: ‘कष्टाळू, सज्जन, कुटुंबवत्सल.’ वकीलबाईंनी सगळी परत पाठवली. उपयोगी पडलं ते शेजारच्या लॉन्ड्रीवालीचं. तिने लिहिलं होतं, ‘याने दरोडा घातला होता हे मला माहीत आहे, त्यानेच सांगितलं. गेली सहा वर्षं माझ्या दुकानाची किल्ली त्याच्याकडे असते.’

तुम्हीही असंच लिहा. ओळख कधीपासूनची, गुन्हा तुम्हाला माहीत आहे, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या एकदोन गोष्टी. ‘तो निर्दोष आहे’ असं चुकूनही लिहू नका, माफी मागणाऱ्याने गुन्हा मान्य केलेला असतो. आणि ज्याचं नुकसान झालं त्या माणसाला परस्पर फोन करायचा नाही, तो वकिलाचा प्रांत.

वर कुणीतरी ‘गुन्हा केला तर जाऊ दे आपल्या देशात’ असं लिहिलंय. कुठला देश? कंबोडियातल्या ख्मेर रूज या खुनशी राजवटीच्या तावडीतून सुटलेल्यांची कितीतरी पोरं थायलंडच्या छावणीत जन्मली, त्यांनी कंबोडिया पाहिलेलाही नाही. अमेरिका आणि कंबोडियातल्या 2002 च्या करारापासून अशा हद्दपार झालेल्यांना नॉम पेन्हला, कंबोडियाच्या राजधानीत, नेऊन उतरवतात. आपल्याकडचा तडीपार फार तर दोन वर्षांनी घरी येतो.

एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असल्यामुळे सही करायला बिचकत असाल, तर मी पहिलं पत्र एच-वनवर असतानाच लिहिलं होतं. मसुदा इथे टाकू नका, त्यात त्याची माहिती असेल. व्यनि (खाजगी निरोप) करा.