संस्कृती मंत्रालयातली नोकरी म्हणजे नेमकं काय?

ऐरोलीच्या एका आईंनी विचारलंय : मुलगी बारावी आर्ट्सला आहे, इतिहासात रमते, 'दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयात काम करायचंय' म्हणते. तिच्या बाबांना यात काही भविष्य दिसत नाही. भरती कशी होते, आणि तिनं आता काय करावं?

ताई, नमस्कार.

तिच्या मनात जे काम आहे, ते बहुतेक मंत्रालयात होतच नाही. तिथं धोरण, कायदे आणि निधीच्या फायली हलतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, पदवीधरांसाठी असलेल्या सीजीएल परीक्षेतून असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं, पण कुठलं मंत्रालय वाट्याला येईल ते आपल्या हातात नसतं. संस्कृतीऐवजी खतं-रसायनंही मिळू शकतं! जुन्या वस्तू-वास्तूंशी रोजचा संबंध येतो तो मंत्रालयाच्या हाताखालच्या संस्थांत : १८६१ पासूनचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, जुनी सरकारी कागदपत्रं जपणारं राष्ट्रीय अभिलेखागार, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय वगैरे.

एका रविवारी तिला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात जा. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन देऊळ पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तुम्ही काही समजावू नका, ती कुठं रेंगाळते ते फक्त बघा. भिंतीवरची मूर्ती कोणाची हे ताडत बसली, तर मूर्तिशास्त्र आणि पुरातत्त्व. शिलालेखात काय कोरलंय याचीच उत्सुकता लागली, तर कोरीव लेख वाचणारी पुरालेख (एपिग्राफी) शाखा. त्याला संस्कृत आणि लिप्या हव्यात. झिजलेल्या दगडाकडे, शेवाळाकडे लक्ष गेलं तर मात्र पंचाईत आहे. रासायनिक जतनाला केमिस्ट्रीची पदवी लागते, आणि आर्ट्सवरून तिकडं वळणं अवघड. आवारापलीकडची घरं पाहून 'इथं बांधायला परवानगी कोण देतं?' असं विचारलंन, तर तिला कायदा शिकवा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट, यावरून वाद कायम चालू असतात.

पुरातत्त्वच हवं असेल, तर इतिहास किंवा प्राचीन भारतीय संस्कृती घेऊन बीए, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून एमए. पुढं ग्रेटर नोएडाला सर्वेक्षणाच्याच संस्थेत दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. अधिकारीपदं यूपीएससीतून भरतात. जाहिराती नेमानं निघत नाहीत आणि बदली देशात कुठंही होते. बाबांची काळजी अगदीच अनाठायी नाही.

पण दार एकच नाही. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी केंद्राकडे नाहीत, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. तिथंही हेच शिक्षण चालतं.

बारावीची परीक्षा झाली की सुट्टीत तिला मोडी शिकू द्या. अभिलेखागारातल्या मराठी दफ्तरांना ती लागतेच. शिवाय जमिनीचे जुने मोडी कागद वाचून देणाऱ्यांना आजही पैसे देऊन लोक शोधत येतात. हे बाबांना आवर्जून सांगा.