निवटी की तिवर? प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राच्या पेचात सापडलेल्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न : मी गोव्यातल्या दिवाडी बेटावरची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्राणिशास्त्र घेऊ की वनस्पतिशास्त्र? दोन्ही आवडतात. घरचे म्हणतात, झाडांत पुढे काही नाही.

उत्तर : घरच्यांची ही समजूत आधी दूर कर. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत माशांवर काम होतं, तसंच शेवाळांवर आणि वनस्पती प्लवकांवरही, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवरही. खरा प्रश्न, कुठलं काम तुला रोज करवेल, हा आहे. त्याचा अंदाज तुझ्या बेटाच्या चिखलातच येईल. तिथे निवटी मासा आणि तिवराचं खारफुटीचं झाड शेजारी शेजारी राहतात.

तिवर जागचा हलत नाही. एक मीटर लांब-रुंद चौकट ठेवून आतली, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं मोज. महिन्याने तीच पुन्हा मोजता येतील. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यायचा. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाला मात्र खोडातून फुटून चिखलात टेकणाऱ्या सर्वांत वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटीमीटर वर, नाहीतर खोडाऐवजी मुळांचं जुडगंच मोजलं जातं. तिवराचं पान कोरड्या दिवसांत उन्हात धरून बघ, मिठाचे कण चमकतात. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. नुसत्या पानावरून इतकं कळतं, म्हणून मला तिवर फार आवडतो.

निवटी थांबत नाही. ती ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातूनही श्वास घेते, म्हणून ओहोटीत उघड्या चिखलावर वावरते. पण पाऊल वाजलं की बिळात. दहा-पंधरा मिनिटं न हलता बसायचं, मगच मोजायचं. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

प्रयोगशाळेतही फरक आहे. मासा टिकवण्यासाठी दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी डीएनएसाठी तुकडा अल्कोहोलमध्ये काढून ठेवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. फांदी दाबून वाळवताना कागद रोज बदलला नाही, तर आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरलीच. शिवाय वनस्पतींत संकर, म्हणजे दोन जातींची मिश्र संतती, जास्त, त्यामुळे जात ठरवताना डोकं खाजवावं लागतं. तमिळनाडूत पिच्चावरमला कांदळाच्या दोन जातींचा असा संकर आढळला आहे.

महिनाभर दर रविवारी दोघांसाठी दोन वेगळ्या वह्या लिही आणि कॉलेजात दोन्ही विभागांच्या शिक्षकांना दाखव. आत्ता नमुने घेऊ नकोस. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात तर वन खात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही. आणि एकटी चिखलात उतरू नकोस, भरती सुरू व्हायच्या आत काठावर ये.