दोघींची एलएलसी: डेलावेअर कशाला, आणि उद्देशात काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: सॅन होजेतल्या दोघी मैत्रिणी प्रत्येकी २५,००० डॉलर घालून हातमागाच्या साड्या बे एरियातल्या प्रदर्शनांत विकणार आहेत. वर्षाला विक्री २,८०,००० आणि नफा ३०,००० डॉलर धरलाय. नोव्हेंबरात डेलावेअर राज्यात एलएलसी (मालकांचं दायित्व मर्यादित ठेवणारी कंपनी) काढावी का? कागदपत्रांत धंद्याचा उद्देश म्हणून ‘साड्यांची विक्री’ एवढं पुरेल का?

डेलावेअर सोडा. धंदा कॅलिफोर्नियात बसून करणार म्हटल्यावर इथे परराज्यातली एलएलसी म्हणून पुन्हा नोंदणी आलीच, आणि वर्षाचा ८०० डॉलर किमान करही चुकत नाही. वर दर १ जूनपर्यंत डेलावेअरचा ३०० डॉलर कर आणि तिथे कंपनीच्या वतीने सरकारी कागद घेणाऱ्या एजंटची फी. दोघींच्या छोट्या धंद्याला त्यातून हाती काही लागत नाही.

मला खटकतो तो तुमचा विक्रीचा आकडा. कॅलिफोर्नियातली उलाढाल २,५०,००० डॉलरला पोचली की एलएलसीला आणखी ९०० डॉलर फी लागते. पाच लाखांपासून २,५००. ही फी नफ्यावर नाही, साड्यांची खरेदी किंमतसुद्धा त्यातून वजा होत नाही. म्हणजे ३०,००० च्या नफ्यातून ८०० आणि ९०० मिळून १,७०० गेले. फीचा अंदाज बांधून ती १५ जूनपर्यंत भरायची असते, हे बरेच जण विसरतात आणि दंड भरतात.

आता उद्देश. कॅलिफोर्नियात एलएलसी नोंदवण्याच्या ‘एलएलसी-१’ अर्जात ते वाक्य छापूनच येतं: एलएलसीला कायद्याने करता येईल असा कोणताही वैध व्यवसाय. तिथे साड्यांचा उल्लेख करायचं कारणच नाही. नेमकेपणा हवा तो ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये, म्हणजे दोघींच्या आपसातल्या करारात. करारात वेगळं ठरलं नसेल, तर नेहमीच्या कामाबाहेरचं पाऊल उचलायला सगळ्या सभासदांची संमती लागते. ‘नेहमीचं’ म्हणजे काय, यावरच पुढे भांडणं होतात. नुसतं ‘साड्या’ लिहिलंत तर ब्लाउज शिवून देणं त्यात बसतं का, इथपासून वाद. मी असं लिहीन: ‘हातमागाचं कापड, तयार कपडे व दागिने यांची आयात आणि घाऊक व किरकोळ विक्री, तसंच शिलाईसारखी अनुषंगिक कामं. याबाहेरच्या ५,००० डॉलरवरील खर्चाला दोघींची लेखी संमती.’ ईआयएनच्या, म्हणजे धंद्याच्या केंद्रीय करक्रमांकाच्या अर्जात (तो फुकट आहे, कोणाला पैसे देऊ नका), बँकेत आणि विम्याच्या फॉर्मवर व्यवसायाचं वर्णन याच्याशी जुळतं ठेवा. विम्याला ‘ऑनलाइन विक्री’ सांगितलं आणि अपघात प्रदर्शनातल्या स्टॉलवर झाला, तर दावा अडकतो. विक्रीकरासाठी सेलर्स परमिट (विक्रीचा परवाना) वेगळं काढावं लागतं.

नोव्हेंबरात नोंदणी केली तर दीड-दोन महिन्यांसाठी पूर्ण ८०० जातील. अर्ज डिसेंबरात करा, पण १ जानेवारीची तारीख मागा; ९० दिवसांपर्यंत पुढची तारीख मिळते. अर्जाला ७० डॉलर, नोंदणीनंतर ९० दिवसांत राज्याकडे द्यायच्या माहितीपत्रकाचे २०, मग ते दर दोन वर्षांनी. दोन सभासद असल्याने दरवर्षी १५ मार्चपर्यंत फॉर्म १०६५ (भागीदारीचं केंद्रीय कर-विवरणपत्र) भरायचा. त्यात मात्र कर भरायचा नसतो, तो दोघींच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये येतो.

मर्यादित दायित्वावर फार विसंबू नका. गोदामाचा मालक वैयक्तिक हमी मागेलच, आणि स्वतःच्या हातून झालेल्या चुकीला एलएलसीचं संरक्षण नसतं. डिसेंबरातली प्रदर्शनं करायचीच असतील, तर तोवर तुम्ही कायद्याच्या नजरेत साध्या भागीदार आहात: धंद्याच्या सगळ्या देण्याला दोघींपैकी कोणालाही पूर्ण जबाबदार धरता येतं. त्या आधी दायित्व विमा घ्या.