गॅसिफायरला हीटर नको, आधी पऱ्हाट्या वाळवा

पऱ्हाट्यांवरच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच्या) छोट्या डाउनड्राफ्ट गॅसिफायरमध्ये, म्हणजे कमी हवेत जाळून जळाऊ गॅस काढणाऱ्या आणि तो खालून सोडणाऱ्या भट्टीत, गॅसबरोबर चिकट डांबर फार येतं, म्हणून भट्टीला बाहेरून इलेक्ट्रिक हीटर गुंडाळून ९०० अंश गाठावेत का, असं विचारलंत. नका गुंडाळू. विजेचं बिल वाढेल, डांबर तेवढंच राहील.

भट्टीला लागणारी सगळी धग आतल्याच इंधनातून निघते. एक किलो सुकं लाकूड पुरतं जळायला साधारण ६ किलो हवा लागते, आपण देतो दीड-दोन किलो. तेवढ्यावर हवेच्या नळ्यांपाशी १००० ते १२०० अंश मिळतात. याच धगीवर वरच्या थरातलं पाणी उडतं आणि त्याखाली लाकडाचा धूर नि कोळसा होतो. तो धूर नळ्यांसमोरच्या आगीतून जाताना मोडतो. पुढे निखाऱ्यांच्या थरात कार्बन डायऑक्साइड आणि वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड नि हायड्रोजन बनतो. हे काम उष्णता खातं, त्यामुळे निखारे खाली खाली थंड होत जातात. ७०० अंशांखाली गेले की काम जवळपास थांबतंच.

डांबर म्हणजे आगीला चुकवून निसटलेला धूर. माझ्याकडे तो ओलीमुळे निसटायचा. ऑगस्टमध्ये ढिगातल्या पऱ्हाट्या तशाच टाकल्या, तर बर्नरवर नुसता पांढरा धूर, ज्योत धरेचना. एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे २.६ मेगाज्यूल जातात, आणि ते नळ्यांपाशीच्या आगीतून वजा होतात. ओल १५ टक्क्यांच्या आसपास आणा. या गॅसवर इंजिन चालवत असाल, तर त्यातून निघणाऱ्या गरम धुरावर वाळवा, फुकटात होईल.

दुसरं, लांब काड्या आत अडकून कमान धरतात. खाली पोकळी होते आणि धूर तिथून सरळ पळतो. इंच-दीड इंचाचे तुकडे करा. ब्लोअर मात्र वाढवत बसू नका. तापमान चढेल, पण राख वितळून खडे धरतील.

बाहेरून उष्णता देणारे प्रकल्प आहेत, नाही असं नाही. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंगला तापलेली वाळू फिरवून सुमारे ८५० अंशांवर वाफेने गॅस काढत. पण ती वाळूसुद्धा शेजारच्या कक्षात उरलेला कोळसा जाळूनच तापायची! तुमच्या आकाराला धग आत धरून ठेवायला सिरॅमिक वूलचा जाड थर आणि बाहेर पडणाऱ्या गॅसवर तापवलेली हवा, एवढं पुरे.

आणि हे सगळं उघड्यावर करा. कार्बन मोनॉक्साइड विषारी, आणि त्याला वास नसतो.

हवेच्या नळ्या किती आहेत आणि गळ्याचा, म्हणजे त्यांच्याखालच्या अरुंद भागाचा व्यास किती, ते कळवा.