कोकणच्या सागरी मार्गासाठी कॅम्परव्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) सात मीटरची घ्यावी की छोटी?
दोघांसाठी असेल तर छोटीच घ्या, पाच मीटरच्या आतली. गुहागर-हेदवीकडे रस्ता अरुंद, कडेला जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती. समोरून एसटी आली की लांब गाडी मागे घ्यावी लागते आणि वळणावर नेमका मागचा कोपरा गडग्याला घासतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत ओहोटीला चढ-उतार जास्त तीव्र होतो, मागच्या चाकांपलीकडचा भाग लांब असेल तर बंपर टेकतो. डिझेल घाटात वजनामुळे जास्त जळतं: पाण्याची १०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १०० किलो वजन, त्यापेक्षा पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन रोज भरा. उंच छपराला वाऱ्याचा अडथळा मोकळ्या महामार्गावरच खरा जाणवतो. घरची चार-पाच माणसं असतील तर मात्र मोठीच लागेल; मग फेरीबोट टाळून महामार्गानेच जा.