वलंदेज म्हणजे पोलंडवाले नव्हेत!

प्रश्न असा आलाय की हॉलंड म्हणायचं की नेदरलँड्स, आणि जुन्या कागदांतले वलंदेज म्हणजे पोलंडचे लोक का? पोलंडचं हे खूळ कोणी काढलं देव जाणे, पण गड-किल्ल्यांवर फिरवणारे लोकसुद्धा हे छातीठोकपणे सांगतात तेव्हा डोकं फिरतं. पोलंडवाल्यांची कोकणात कधी वखार होती? वेंगुर्ल्याला जाऊन बघा, 1637 च्या सुमाराला डचांनी वखार घातली तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत, तेच वलंदेज.

नेदरलँड्स म्हणजे सखल प्रदेश, चौथा हिस्सा देश समुद्रसपाटीखाली आहे, विषय संपला. हॉलंड हे त्यातल्या 12 पैकी दोन प्रांतांचं नाव, उत्तर आणि दक्षिण हॉलंड, आणि त्याचा इंग्रजी 'हॉलो'शी म्हणजे पोकळ-बिकळशी काहीही संबंध नाही, मूळ 'होल्टलांट', झाडीचा मुलूख.

आता खरी मजा. वलंदेज हा शब्द इंग्रजीतून आलेला नाही, डचमधून तर नाहीच, तो पोर्तुगीज. त्यांच्यात हॉलंडच्या माणसाला 'ओलांदेश' म्हणतात, लिहिताना ह आहे पण बोलताना गायब, आणि अनेकवचनात 'ओलांदेझिश' होतं, तिथे तो झ ऐकू येतो बघा. आपला 'इंग्रज'ही त्याच शेपटाचा, पोर्तुगीज 'इंग्लेश'वरून. काही विद्वान फ्रेंचकडे बोट दाखवतात, पण फ्रेंच उच्चार 'ओलांदे'वर थांबतो, मग ज काय आकाशातून पडला?

आणि सुरुवातीचा व? माझं ठाम मत आहे की तो अस्सल मराठी तोंडाचा आहे. गावाकडे ओला नाही, वला म्हणतात, ओझं नाही वझं, ओळख नाही वळख, आणि उंबरा ओलांडत नाहीत, 'वलांडतात'! ओलांड-वलांड, ओलांद-वलंद, अजून काय पुरावा पाहिजे? यावर फारसीवाले म्हणणार की मुघली कागदांतही वलंदेज आहे, तेव्हा व तिकडूनच आला. येऊ दे की, पण फारसी लिहिणारे मुनशी दख्खनेत कोणाच्या तोंडून ऐकत होते? मलायातही डचांना 'बेलांदा' म्हणतात आणि तिथून इंडोनेशियातल्या मकासर बंदराच्या खलाशांबरोबर तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर गेला, तिथले योल्ङू आदिवासी आजही कुठल्याही गोऱ्या माणसाला 'बलांदा' म्हणतात, मग तो डच असो नसो. तिथला ब कसा आला हा मलायावाल्यांचा प्रश्न, आपला व आपल्या घरचा आहे.

हां, नेदरलँड्स की हॉलंड, तर नेदरलँड्सच म्हणा, 2020 पासून त्यांच्या सरकारनेच प्रचारातून हॉलंड काढून टाकलंय. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या यादीत वलंदेजांशेजारी 'डिंगमार' दिसले तर दचकू नका, ते बिचारे डेन्मार्कवाले, मारामारीशी काही संबंध नाही.