लढाई चालू असलेल्या भागात कॉलऱ्याची साथ आली तर मदत संस्था नेमकं काय करतात? लस टोचून विषय का संपवत नाहीत?

पहिलं म्हणजे, ही लस टोचत नाहीत, पाजतात. आणि ती पुरेशी असती तर पाजलीच असती. जगाचा साठा इतका आटला की ऑक्टोबर २०२२ पासून साथीच्या ठिकाणी दोनाऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं. शिवाय लस अंगी लागायला आठवडा जातो, आणि पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री गेलेला असतो. लसीबद्दल एवढंच. मला सांगायचंय ते दुसरंच.

२०२३ साली मी पूर्व काँगोत, गोमा शहराजवळ पाण्याच्या कामावर होतो. एम-२३ या बंडखोर गटाच्या लढाईतून पळून आलेली माणसं शहराच्या कडेनं प्लास्टिकच्या पालांत राहायची. जमीन न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. आपला काळा कातळ परवडला, तिथं पहार मारली की ठिणगी उडते. संडासाला खड्डा खणता येत नाही म्हणून जमिनीवर चौथरा बांधून वर चढायचं. याच जमिनीवर जुलै १९९४ मध्ये रवांडातून काही दिवसांत लाखो लोक आले आणि महिनाभरात जवळजवळ ५०,००० मेले. त्यातले बहुतेक पटकीनं आणि रक्ती हगवणीनं. पुरायलाही जमीन खणता येईना. आणि शेजारी किवू सरोवर काठोकाठ भरलेलं.

आमच्या संस्थेचं उपचार केंद्र डांबरी रस्त्यालगत होतं. पांढरे तंबू, फाटकावर क्लोरीनचा फवारा, मधे भोक पाडलेल्या खाटा, खाली बादल्या. काम चोख, नाव ठेवायला जागा नाही. पण सुरक्षेच्या नियमानं आमच्या गाड्या संध्याकाळी शहरात परतायच्या, आणि अंधार पडल्यावर छावणीत गोळ्यांचे आवाज यायचे म्हणून लोकही पालाबाहेर पडायचे नाहीत. किपिंदुपिंदु (तिकडे स्वाहिलीत पटकीला हेच म्हणतात) मात्र रात्रीही यायची.

मी लातूरकडचा. २०१६ साली आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, हे आठवत असेल. टँकर जिथं उभा राहतो तिथं गावातली प्रत्येक बाई येते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी म्हणत होतो की प्रत्येक नळकोंडाळ्यापाशी ओआरएसचं (जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं) एक टेबल लावा, छावणीतल्याच बायकांना शिकवा आणि रात्री पाकिटं त्यांच्या पालात राहू द्या. आमचे समन्वयक डॉक्टर म्हणाले, अप्रशिक्षित माणसांच्या हाती उपचार देता येत नाही, पाकिटं बाजारात जातील. वर, पाणीवाल्यानं पाणी बघावं.

एके दिवशी सकाळी सातला एक पोरगा आईला चुकुडूवर घालून घेऊन आला. चुकुडू म्हणजे तिकडची लाकडी दुचाकी, माल वाहायची, ढकलत न्यायची. बाईला रात्री अकरापासून जुलाब. पाल केंद्रापासून किलोमीटरभरही नव्हतं. डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी. नर्सनं दोन्ही हात बघितले, पाय बघितला, शीर सापडली तेव्हा उशीर झाला होता. चुकुडू शेजाऱ्याचं होतं, ते पोराला परत द्यायचं होतं. आणि क्लोरीन मारल्याशिवाय ते फाटकाबाहेर सोडायचं नाही असा नियम. पंप माझ्याच पाठीवर होता. मी चाकं धुतली, तो बघत उभा राहिला.

आता ते 'अप्रशिक्षित'. १९७१ मध्ये पश्चिम बंगालात बनगावला बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. ते नातेवाईक कुठला कोर्स करून आले होते? डॉक्टरांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं ते याच २०२३ च्या जानेवारीत. ती बातमी मी समन्वयकांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, तो काळ वेगळा होता. काळ वेगळा असेल, आतडी तीच आहेत ना?

थोडं त्यांच्या बाजूनंही लिहितो, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. ज्याला पिताच येत नाही त्याला ओआरएसचं टेबल वाचवत नाही. त्याला शिरेतून रिंगर्स लॅक्टेट हे सलाइनच लागतं, वजनाच्या किलोमागे १०० मिली, मोठ्या माणसाला तीन तासांत, आणि त्यासाठी केंद्र हवंच. काही पाकिटं बाजारात मीही बघितली. येमेनमध्ये अब्सला जून २०१८ मध्ये नवं बांधलेलं कॉलरा केंद्र हवाई हल्ल्यात पडलं. नशिबानं आत रुग्ण नव्हते. माणसं रात्री छावणीत ठेवायची नाहीत, हा नियम भित्रेपणातून आलेला नाही. पण मी माणसं ठेवा म्हणतच नव्हतो, पाकिटं ठेवा म्हणत होतो.

समन्वयक बदलले, नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तीन टेबलं लावली. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

तुम्ही असल्या कामावर जायचा विचार करत असाल तर मुलाखतीत एवढं विचारा की रात्री आठ ते सकाळी सात छावणीत ओआरएस कुणाच्या हातात असतं. 'आमचं केंद्र चोवीस तास उघडं असतं' असं उत्तर आलं, तर तिथवर पायी किती वेळ लागतो तेही विचारा, आणि रस्त्यात कोण उभं असतं तेही.